सुट्टीच्या दिवशी नुसतं बसायचंय, पण सांगायची लाज वाटते

पत्र:

'मी ४३ वर्षांची आहे. घोडबंदर रोडला राहते, ऐरोलीला एका खासगी कंपनीत अकाउंट्सचं काम करते. घरी नवरा, दहावीतला मुलगा आणि सासूबाई. २६ जानेवारीला सोसायटीत झेंडावंदन आहे. त्यानंतर नवऱ्याच्या मित्रांनी कर्जतकडच्या एका फार्महाउसवर जायचा बेत केलाय. मला जायचं नाही. मला एकटीला कुठेतरी मोकळ्यावर जाऊन बसायचंय, काहीही न करता. हे घरात सांगायची लाज वाटते, कारण तशी माझी काहीच तक्रार नाही. नवरा चांगला आहे, सासूबाईंचा त्रास नाही. दुसरी गोष्ट सांगायला अवघड आहे. नाताळच्या सुट्टीत दुपारी अर्धा तास गॅलरीत बसले होते, तर रडू आलं. कारण काहीच नव्हतं. आता भीती वाटते की अख्खा दिवस रिकामा मिळाला तर मी आयुष्याचा हिशोब मांडत बसेन आणि तो चुकलेला निघेल. जाऊ की नको?'

एक वाचक, ठाणे

उत्तर:

जा. हे आधीच सांगते, म्हणजे पुढचं तुम्हाला निवांत वाचता येईल. कसं जायचं, कुठे जायचं आणि तिथे बसल्यावर मनात जे येईल त्याचं काय करायचं, त्याबद्दल सविस्तर लिहिते.

तक्रार नसताना काही मागायचं कसं, हा तुमचा खरा अडसर दिसतोय. नवरा वाईट वागत असता, सासूबाई टोचून बोलत असत्या, तर 'मला एक दिवस द्या' म्हणायला तुम्हाला धीर आला असता. घर नीट चाललंय, म्हणून तुम्ही गप्प आहात. पण ताई, फुरसत काही दुःखाची भरपाई म्हणून द्यायची नसते. ज्या ठाण्यात तुम्ही राहता, तिथेच वाढलेल्या नारायण मेघाजी लोखंडे यांनी हे गिरणी मालकांना ठणकावून सांगितलं होतं. ते स्वतः गिरणीत नोकरी केलेले. १८८४ मध्ये त्यांनी बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन काढली आणि कामगारांच्या मागण्या मांडल्या. आठवड्यातून एक दिवस सुट्टी, दुपारी अर्धा तास विसावा, पगार वेळेवर, कामावर जायबंदी झालेल्याला भरपाई. विसावा आणि पगार एकाच अर्जात, एकाच दमात मागितले होते त्यांनी. रविवारची सुट्टी मिळायला त्यानंतर सहा वर्षं लागली. १० जून १८९० ला गिरणी मालकांनी ती कबूल केली. त्याआधी एप्रिलमध्ये महालक्ष्मीला कामगारांची मोठी सभा झाली, आणि तिथे दोन कामगार स्त्रियाही उभ्या राहून बोलल्या. त्या काळात, हजारो लोकांसमोर. मला त्या दोघींची फार आठवण येते, तुमच्यासारखी पत्रं वाचताना.

आणि तुम्ही ज्या दिवशी बाहेर पडणार आहात, तो दिवस तरी कुठला? २६ जानेवारी १९५० ला जी राज्यघटना लागू झाली, तिच्या ४३ व्या अनुच्छेदात लिहिलंय की काम करणाऱ्या माणसाला पोटापुरतं वेतन, माणसासारखं जगता येईल अशी परिस्थिती आणि फुरसतीचा पुरेपूर उपभोग मिळावा, यासाठी राज्याने झटावं. हे मार्गदर्शक तत्त्व आहे, त्यासाठी कोर्टात जाता येत नाही, हे खरं. पण देश कसा असावा, याचा विचार करणाऱ्यांनी फुरसत विसरली नव्हती. प्रजासत्ताक दिनाच्या दिवशी सहा तास नुसतं बसायला मिळावं म्हणताना ठाण्यातल्या एका कमावत्या बाईला लाज वाटते, हे मला मनापासून लागलं. म्हणून हे इतकं लांबवलं.

गिरणी बंद राहिली तरी चूल बंद राहिली नाही, हेही सांगायला हवं. नोकरी करणाऱ्या बाईला सुट्टी मिळते ती ऑफिसमधून. घरातल्या कामाचं रजेचं रजिस्टर कुणी ठेवत नाही. त्यामुळे तुमची सुट्टी तुम्हालाच ठरवून घ्यावी लागेल, आणि ती घरात बोलून घ्यावी लागेल.

बोलायचं कसं? आदल्या रात्री नको. तीन-चार दिवस आधी, सगळे जेवायला बसलेले असताना, साध्या आवाजात सांगा: 'सव्वीस तारखेला झेंडावंदन झालं की मी बाहेर जाणार आहे. एकटी. चार-साडेचारपर्यंत येते.' इतकंच. 'तुमची हरकत नसेल तर' जोडू नका. कारणंही देऊ नका, कारण एक कारण दिलं की त्यावर चर्चा सुरू होते आणि मग 'त्यापेक्षा असं करूया' येतं. नवऱ्याने विचारलं, 'काही झालंय का?', तर खरं ते सांगा, काही झालेलं नाही, दमलेय आणि थोडं एकटीनं बसायचंय. पत्रावरून माणूस भला वाटतो. भल्या माणसाला सरळ सांगितलेलं कळतं. आडून सुचवलेलं मात्र भल्याभल्यांना कळत नाही, आणि मग आपण वर्षानुवर्षं त्यांच्यावर रुसत राहतो.

एक गोष्ट कटाक्षाने टाळा. पंचवीस तारखेला रात्री जागून दोन दिवसांचा स्वयंपाक करून ठेवू नका. तसं केलंत तर सुट्टी घेतली असं होत नाही, कामाची तारीख तेवढी बदलते. नवरा घरी राहिला तर पोहे करेल. कर्जतला गेला तर निघण्यापूर्वी आईची जेवणाची सोय करून जाईल. दहावीतल्या मुलाला कुकर लावता येत असेलच, येत नसेल तर हाच मुहूर्त. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकवाचे दिवस असतात, तुमच्याकडे ते नेमकं या सुट्टीवर ढकललेलं असेल तर एखाद्या संध्याकाळी उरका. आणि परत आल्यावर ओट्याकडे बघू नका. खरंच बघू नका. पाहिलंत की हात आपोआप फडक्याकडे जाईल आणि घरातल्यांना कळेल की त्यांनी आवरलं काय नि नाही आवरलं काय, फरक पडत नाही.

आता कुठे. मासुंदा तलावाला त्या दिवशी गर्दी असते, तिथे तुम्हाला शंभर ओळखीचे भेटतील. येऊर जवळ आहे आणि जानेवारीत सुंदर असतो. पानझड सुरू झालेली असते. काटेसावर निष्पर्ण होऊन लालभडक फुलते आणि तिच्यावर मैना, कोतवाल, शिंजीर यांची अशी झुंबड असते की बघत राहावं. पण येऊर हा संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे, बिबट्यांचं घर आहे, आणि तिथल्या पाड्यांवर आदिवासी कुटुंबं पिढ्यानपिढ्या राहतात. सुट्टीच्या दिवशी तिथे गाड्या घेऊन, मोठ्याने गाणी लावून जाणाऱ्यांची रांग लागते, याचा मला मनस्वी त्रास होतो. शिवाय जंगलात एकटीने आत जाऊ नये. येऊरला मुलासोबत किंवा मैत्रिणीसोबत एखाद्या सकाळी जा, पायी, आणि अंधाराच्या खूप आधी खाली या.

एकटीने बसायला मी तुम्हाला नेरूळची पाणथळ जागा सुचवेन. पाम बीच रोडला टी. एस. चाणक्य ही जहाजावरच्या नोकरीचं शिक्षण देणारी संस्था आहे, तिच्या आसपासचा भाग. त्याची कारणं अगदी व्यवहाराची आहेत. तुम्ही रोज ठाण्याहून ट्रान्स-हार्बर लोकलने ऐरोलीला उतरता. त्या दिवशी पनवेलची गाडी पकडा आणि ऐरोलीला उतरू नका. खिडकीत बसून राहा. रबाळे, घणसोली, कोपरखैरणे, तुर्भे, जुईनगर, नेरूळ, आणि मग सीवूड्स-दारावे. रोजची गाडी, रोजचं स्टेशन, आणि आपण न उतरता पुढे चाललोय, यात काय मोकळं वाटतं ते अनुभवल्याशिवाय कळत नाही. सीवूड्स स्टेशनला लागूनच मॉल आहे, तिथे स्वच्छतागृह आहे. हे मुद्दाम लिहितेय. बाहेर सोय नसते म्हणून आपल्या बायका दिवसभर पाणी पीत नाहीत, आणि मग संध्याकाळी डोकं धरून बसतात. तुम्ही पाणी प्या. स्टेशनवरून रिक्षाने पुढे जा. तिथे सकाळी चालणारे, सायकलवाले, मोठ्या लेन्सा घेऊन आलेले पक्षीवाले असतात. माणसांची जाग आहे, पण कुणी तुमच्याशी बोलायला येणार नाही. माणसं दिसत राहतील अशाच जागी बसा. कुठे आहात ते एकाच व्यक्तीला कळवून ठेवा, आणि फोन चालू ठेवून पिशवीत टाका. टोपी आणि पाण्याची बाटली हवीच. सकाळी अंगावर शाल घ्यावीशी वाटली तरी आपल्याकडे जानेवारीचं दुपारचं ऊन चांगलंच चटकतं. आणि सुट्टीच्या दिवशी गाड्या नेहमीपेक्षा कमी असतात, तेव्हा फलाटावर थोडं थांबायची तयारी ठेवा.

निघण्याआधी घरातल्या दिनदर्शिकेत तिथी बघा. कोकणकिनाऱ्यावरच्या जुन्या माणसांचा ठोकताळा असा, की तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ निघते. चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या सुमारास. पहाटे आणि दुपारी-संध्याकाळी, दोन्ही वेळा हाच आकडा. त्यानंतर साधारण सहा तासांनी पूर्ण ओहोटी. खाडीत आत पाणी पोचायला थोडा उशीर लागतो, तेवढं धरून चाला. हे कळून उपयोग काय? ओहोटीला खाडीतला चिखल उघडा पडला की फ्लेमिंगो, म्हणजे आपले रोहित पक्षी, दूर चिखलावर पांगून खात असतात. भरतीचं पाणी चढलं की त्यांना उभं राहायला जागा उरत नाही, म्हणून ते किनाऱ्याच्या आतल्या बाजूच्या उथळ पाणथळीत येऊन थांबतात. तेव्हा नेरूळला बसलेल्या माणसाला ते जवळून दिसायची संधी असते. नाही दिसले तर शेकाटे, बगळे, कुरव, खंड्या हे आहेतच. चिखल उघडा असेल तर तिवरांच्या मुळांपाशी बघा, निवट्या, म्हणजे छोटे मासे, चिखलावर उड्या मारताना दिसतील. आगरी-कोळी घरांत निवट्यांचं कालवण आवडीने करतात. बहुतेक ठाणेकरांनी मात्र जिवंत निवटी कधी पाहिलेली नसते.

रोहित पक्ष्यांबद्दल एक सांगायचा मोह आवरत नाही. त्यांचा गुलाबी रंग त्यांच्या खाण्यातून येतो, पाण्यातल्या शेवाळातली आणि बारीक जीवांतली रंगद्रव्यं पिसांत उतरतात. आणि ठाणे खाडीत हे शेवाळ इतकं माजतं, त्याला आजूबाजूच्या शहरांचं सांडपाणीही कारण आहे. तुम्ही आम्ही सिंकमध्ये जे ओततो त्याचा शेवट कुठेतरी या चिखलात होतो. यात आनंद मानायचा की काळजी करायची, हे मला ठरवता येत नाही. खाडीचा एक भाग २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य झाला, २०२२ मध्ये ठाणे खाडीला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला, म्हणजे जगाच्या दृष्टीने महत्त्वाची पाणथळ. घटनेच्या ५१ क मध्ये नागरिकाची जी मूलभूत कर्तव्यं आहेत, त्यांत वनं, सरोवरं, नद्या आणि वन्यजीव जपणं आहे. सव्वीस जानेवारीला खाडीकाठी शांत बसलेली बाई त्या कर्तव्याच्या अगदी आसपास असते, असं मला वाटतं. फक्त पक्षी उडावेत म्हणून दगड मारणारी पोरं दिसली तर गप्प बसू नका.

मग, बसल्यावर काय.

पहिला तास अवघड जाईल. हात फोनकडे जाईल, घरची कामं आठवतील, आपण वेळ वाया घालवतोय असं वाटेल. जागा बदलू नका. एकाच ठिकाणी बसून पाणी चढताना किंवा उतरताना बघा. ते इतकं हळू सरकतं की आधी काहीच होत नाही असं वाटतं. मग मघाशी दिसत असलेला दगड दिसेनासा होतो, आणि लक्षात येतं. डोळ्यांना असं हळू काम दिलं की मनही हळू होतं. फोटो काढू नका म्हणत नाही, पण स्टेटसला टाकायचे ते घरी गेल्यावर टाका. टाकले की कोणी पाहिले ते बघावंसं वाटतं, आणि मग तुम्ही खाडीवर राहत नाही.

आणि रडू येईल कदाचित. तुम्हाला त्याची भीती वाटतेय, म्हणून स्पष्ट सांगते: येऊ द्या. वर्षभर पहाटे पाचला उठून, दोन डबे भरून, घोडबंदरच्या ट्रॅफिकमधून स्टेशन गाठून, ऑफिस करून, परत त्याच ट्रॅफिकमधून घरी येणारं शरीर ज्या क्षणी थांबतं, त्या क्षणी ते थकलेपण वर येतं. धावताना ते कळत नाही. गॅलरीत तुम्ही अर्धा तास थांबलात आणि ते आलं. 'कारण काहीच नव्हतं' असं तुम्ही लिहिलंय. मला तुमच्या पत्रात कारणं भरपूर दिसतात, पण त्यातलं एकही कुणाला दोष देण्याजोगं नाही, म्हणून तुम्ही ती मोजलीच नाहीत.

आता हिशोब. आयुष्याचा हिशोब मांडायला तिथे जाऊ नका, एवढी माझी विनंती आहे. 'मी आजवर काय मिळवलं', 'हे सगळं कशासाठी' हे प्रश्न माणसाला दमलेलं असताना पडतात आणि दमलेल्या माणसाला त्यांची उत्तरं नेहमी वाईटच सुचतात. हिशोब चुकलेला निघेल ही तुमची भीती त्यामुळेच आहे. अकाउंट्समध्ये काम करता, तुम्हाला माहीत आहे की महिनाअखेरीला रात्री नऊला ताळा बसत नसेल तर फाइल मिटून घरी जायचं असतं.

त्याऐवजी एक साधा दिवस घ्या. मागचा मंगळवार घ्या. सण नाही, भांडण नाही, कुणी आजारी नाही, असा मंगळवार. उठल्यापासून झोपेपर्यंत तो मनात पुन्हा चालून या, अगदी सावकाश. गजर झाला तेव्हा पहिला विचार कसला आला? पाणी यायच्या आधी उठलात की नंतर? चहा बसून प्यायलात का उभ्याने? बसला किंवा रिक्षाला थांबलात तेव्हा कुणाशी बोललात? गाडीत बसायला मिळालं का? दिवसातला कुठला क्षण होता जेव्हा खांदे सैल झाले, आणि कुठला क्षण होता जेव्हा दात आवळले गेले? मंगळवार पुरेसा आहे. तुमचं आयुष्य बहुतेक मंगळवारांचंच बनलेलं आहे, आणि तो बदलता येतो. 'आयुष्य' बदलता येईल की नाही, मला सांगता येणार नाही.

असं चालत गेलात की काही गोष्टी अनपेक्षित निघतात. समजा, लक्षात आलं की दिवसातली सगळ्यात बरी वेळ संध्याकाळच्या लोकलमधली ती पंधरा-वीस मिनिटं होती, जेव्हा कुणालाच तुमच्याकडून काही नको असतं. तर मग ती वेळ व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपांना देऊ नका. किंवा समजा, दात आवळले जातात ते सकाळी डब्याच्या वेळी, कारण मुलाला एक भाजी लागते, नवऱ्याला दुसरी, आणि सासूबाईंना तिसरी, कमी तिखटाची. तर ती गोष्ट घरात मांडण्यासारखी आहे, आणि आठवड्यातून तीन दिवस तरी सगळ्यांना एकच भाजी, असा नियम करता येतो. किंवा असंही निघेल की मंगळवार मुळात ठीकच आहे, फक्त झोप पाच तासांची आहे. त्यावर उपाय आयुष्याचा अर्थ शोधण्यात नाही, साडेदहाला दिवा मालवण्यात आहे.

एक छोटी वही न्या. पूर्ण वेळ लिहीत बसू नका. निघायच्या आधी अर्धा तास उघडा आणि मंगळवारातली एकच गोष्ट लिहा, जी फेब्रुवारीपासून वेगळी करायची आहे. एकच. दहा लिहिल्या तर त्या संकल्प होतात आणि संकल्पांचं काय होतं ते आपण सगळ्याजणी जाणतो. आणि दुसऱ्या पानावर मंगळवारातलं जे आहे तसंच राहावं असं वाटतं, ते लिहा. हे दुसरं पान विसरू नका. आपलं रोजचं जगणं तपासायला बसलं की माणूस फक्त दुरुस्त्या शोधतो. सासूबाईंनी रात्री तुमच्यासाठी झाकून ठेवलेला गरम वरणभात, मुलगा अभ्यास करताना गुणगुणतो ते गाणं, ऑफिसमधल्या मैत्रिणीबरोबरचा चहा, असं काही ना काही तुमच्या मंगळवारात नक्की असणार. तेही तुमच्याच खात्यात जमा आहे.

तब्येतीचं थोडं बोलायला हवं. तुमचं वय ४३ आहे. या वयात पाळीच्या चक्रात बदल सुरू होतात, त्याने झोप तुटते, विनाकारण डोळे भरून येतात. रक्त कमी असणं आणि थायरॉइड यांनीही असंच होतं, आणि आपल्याकडच्या कितीतरी बायका ते वर्षानुवर्षं 'दगदग' म्हणून अंगावर काढतात. एकदा डॉक्टरांकडे जाऊन तपासण्या करून घ्या. आणि रडू येणं एखाद्या दुपारीपुरतं न राहता दोन-दोन आठवडे तसंच चाललं, जेवणखाणावरची वासना गेली, आवडत्या गोष्टींतही मन लागेनासं झालं किंवा जगणंच नको असं वाटायला लागलं, तर खाडीवर एक दिवस बसून भागणार नाही. टेलि-मानस ही सरकारी मदतवाहिनी आहे, १४४१६ वर फोन करा, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं. ठाण्यात मनोरुग्णालय १९०१ पासून आहे, आणि त्यावरून 'याला ठाण्याला पाठवा' म्हणायची महाराष्ट्राला जी सवय लागली, तिने अनेकांना वेळेवर मदत घेण्यापासून अडवलं. ठाण्यात राहून तुम्ही तरी त्या टिंगलीला भिऊ नका. तिथल्या बाह्यरुग्ण विभागात लोक येतात, तपासतात, औषध घेऊन घरी जातात आणि दुसऱ्या दिवशी कामावर जातात.

राहिला कर्जतचा बेत. नवऱ्याला जाऊ द्या. तुम्ही येत नाही म्हणून त्यांनीही जाऊ नये, असं काही नाही, आणि मित्रांनी 'वहिनी का नाही आल्या?' विचारलं तर त्यांना देता येईल ते उत्तर देतील. त्यांना तुमच्यासोबत बाहेर वेळ घालवायचा असेल, आणि बहुधा असेल, तर त्यांना दुसरी तारीख द्या. थंडी संपायच्या आत पनवेल-उरणकडच्या कुणा ओळखीच्यांच्या वाडीवर पोपटीचा बेत करा. वालाच्या शेंगा, बटाटे, रताळी, अंडी, हवं तर मसाला लावलेलं चिकन, सगळं मडक्यात, तळाशी आणि तोंडाशी भांबुर्डीचा पाला दाबून, मडकं उपडं ठेवून भोवती जाळ. पाण्याचा थेंब घालायचा नाही, शेंगा आपल्याच वाफेवर शिजतात. त्यात सगळ्यांनाच काम असतं, पाला आणायचं, जाळ बघायचं, आणि ते तुम्हालाच करावं लागत नाही. अशी संध्याकाळ एकत्र घालवायला तुम्हालाही आवडेल, कारण तोवर तुमचा एकटीचा दिवस तुम्हाला मिळालेला असेल.

मुलाची दहावी हे घरातलं सगळ्यात मोठं कारण म्हणून पुढे येईल. परीक्षा तोंडावर आली असताना आई बाहेर कशी, असं कुणीतरी म्हणेल. सहा तासांत त्याचं काही बिघडत नाही. उलट आई दिवसभर घरात येरझाऱ्या घालत नाहीये, हे त्याला बरंच वाटेल. त्याला बरोबर चलायचा आग्रह करू नका, आणि स्वतःहून 'मी येऊ का?' म्हणाला तरी या खेपेला नको म्हणा, येऊरची सकाळ त्याच्यासाठी राखून ठेवा.

सासूबाईंना मात्र आधी सांगा, सगळ्यांच्या आधी, स्वयंपाकघरात दोघीच असताना. त्यांचंही उभं आयुष्य सुट्टीशिवाय गेलेलं आहे, आणि माझा अंदाज आहे की घरात तुमची बाजू त्याच घेतील. आल्यावर त्यांच्या अंगात उत्साह असेल तर पाच वाजता दोघी रिक्षाने उपवन तलावावर जाऊन या. रिक्षा काठापर्यंत जाते, फार चालावं लागत नाही. येताना रात्रीचं जेवण बाहेरूनच घेऊन या.